घरातला वास

आधीच सांगते, हे सदर मी आजवर हसायला वाचत आलेय. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवरचा आवाज, बंद घरातलं रडणं... स्टाफरूममध्ये मी मोठ्याने वाचून दाखवते आणि डबा संपेपर्यंत एकेकाची चिरफाड करते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, अठरा वर्षं झाली. आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर आमच्या मराठीच्या बाई काय तोंड करतील ते मला इथूनच दिसतंय. करू देत. मला कोणाला काही पटवायचं नाहीये. उलट तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर मलाच सांगा, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

आम्ही खोडदला राहतो, गावापासून जरा बाहेर, मळ्यात. गच्चीवरून रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसतात. घर स्लॅबचं, चार खोल्यांचं, दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीच बांधलेलं. म्हणजे भुताखेतांना राहायला जुनंपानं असं काही नाही. घरात माणसं तीन. मी, आमचे हे – नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला अडत्याकडे कामाला आहेत – आणि माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्या म्हणायची पद्धत, तर आत्या. मुलगी पुण्याला होस्टेलवर. आणि चौथा लाडू.

लाडू म्हणजे साप. बॉल पायथन, परदेशी जात, बिनविषारी, लांबीला माझ्या हाताहून थोडा जास्त. त्याची रीतसर नोंदणी केलेली आहे. आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे, तेव्हा उगाच कोणी पत्रं पाठवू नका. माझ्या पुण्याच्या भावाचा हा. त्याच्याकडे बाळ झालं आणि वहिनीने सांगितलं, एक तर हा नाही तर मी. मी म्हटलं, द्या इकडे, मी सांभाळते, मी काय घाबरते की काय! मला ना, बढाई मारायची फार हौस. शाळेतल्या पोरांना दाखवीन, सापाची भीती घालवीन, असं सगळं डोक्यात. गाडीत काचेच्या पेटीसकट लाडू आला आणि आत्या दोन दिवस शेजारी जेवल्या.

तिसऱ्या दिवशी परत आल्या. पेटीसमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "वैशे, हे लांबडं जेवतं काय?"

आत्यांनी त्याला कधी साप म्हटलं नाही. आमच्याकडची जुनी माणसं तो शब्दच तोंडातून काढत नाहीत. लांबडं म्हणतील, जनावर म्हणतील. नाव घेतलं की तो येतो म्हणे. मी म्हणायचे, अहो आत्या, आलाच आहे की आता, हक्काने राहतोय! तरी नाही ते नाहीच.

तर वास.

साप स्वतः फारसा वास मारत नाही. वास मारते त्याची विष्ठा, पेटीत अंथरलेली, ओली झालेली भुशी, उरलेला उंदीर आणि कोंडलेली हवा. पेटी ठेवली होती मधल्या खोलीत, कारण तिथे ऊब असते, लाडूला ऊब लागते. आणि मधल्या खोलीतच, समोरच्या भिंतीला, आत्यांचा देव्हारा. ही माझी चूक, कबूल. उन्हाळाभर खिडक्या उघड्या होत्या तोवर काही जाणवलं नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची थंडी पडली, त्यात बिबट्याच्या भीतीने दिवेलागणीलाच दारंखिडक्या बंद... आणि मग एक असा आंबूस, उग्र दर्प घरात भरायला लागला की बास. चहा तोंडाला लावला तरी तोच. शाळेत माझ्या साडीला येतो की काय म्हणून मी लांब बसायला लागले.

मी हटले नाही. घाण केली की त्याच दिवशी तेवढी भुशी काढायची. दर पंधरवड्याला पूर्ण भुशी बदलायची, मी नारळाच्या सोडणाची वापरते. पाण्याचं भांडं रोज घासायचं. पेटी व्हिनेगर-पाण्याने पुसायची, कोरडी होऊ द्यायची. फिनेल अजिबात नाही, सापाच्या फुप्फुसाला ते विष. शेजारी कोळशाची टोपली ठेवली. ह्यांच्या मागे लागून भिंतीला भोक पाडून एक्झॉस्ट फॅन बसवला. तरी वास आहे तिथे आहे. शेवटी लक्षात आलं की पेटीचा तळ प्लायवूडचा, सांध्यातून मुतून मुतून आत मुरलंय.

आणि मी एक नियम केला – मधल्या खोलीत उदबत्ती, धूप, कापूर काही लावायचं नाही. धुराने लाडू आजारी पडला असता. शास्त्रीयदृष्ट्या माझं शंभर टक्के बरोबर होतं.

आत्या म्हणाल्या, "म्हंजी देवानं लांबड्याला भिऊन ऱ्हायाचं व्हय?"

"भिऊन नाही हो आत्या. आठ दिवस कळ काढा, मी पेटी बदलते."

"आठ दिस, आठ दिस... दिवाळीपास्नं ऐकतीय मी. देवाम्होरं बसलं की मळमळाया व्हतंय. माजं नाक हाय का नळकांडं?"

माझा दिवस वाईट गेला होता. नववीचे पेपर, त्यात एस्टी चुकलेली. मी फाडकन बोलून गेले, "हे घर माझंही आहे आत्या. माझ्या मनाला येईल ते मी इथे ठेवीन."

आत्या एवढ्या तोंडाच्या फटकळ, पण त्या दिवशी उठून ओट्यावर गेल्या आणि तांदूळ निवडत बसल्या. मला त्याच वेळी जाऊन त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. नाही बसले.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले. आत्या कुठेतरी बाहेर गेलेल्या. कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि थांबले. वास नव्हता. कमी झालाय असं नाही, नव्हताच. मला वाटलं सर्दी झाली. चहाचा डबा उघडून हुंगला, चहाचा वास आला. मग पेटी उघडली. कोपऱ्यात लाडूची चांगली मोठी, ताजी घाण पडलेली. मी अक्षरशः नाक आत घालून वास घेतला, हसू नका, आणि काहीही नाही. संध्याकाळी हे आले, त्यांनाही नाही. शेजारच्या मंदाताईंना मुद्दाम बोलावलं, त्या म्हणाल्या, "आगं बाई, खरंच की, काय केलंस?" मी म्हटलं, कोळसा! कोळशाने ओढून घेतला! सांगितलं एवढ्या आत्मविश्वासाने, पण घाण ताजी आणि कोळसा महिन्यापूर्वीचा, हे मला कळत होतं. जाऊ दे म्हटलं. आनंद झाला होता.

त्या आठवड्यात घरातल्या पाली गेल्या. ट्यूबलाइटमागे तीन असायच्या, पिढ्यान्‌पिढ्या. थंडीत पाली दडून बसतात, मी म्हटलं. मग मुंग्या गेल्या. गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवायची गरज उरली नाही. मीटरच्या पेटीमागे चिमण्यांचं घरटं होतं, ते ओस. मग आमची मनी – तिला माळ्यावर तीन पिल्लं झाली होती – भर दुपारी तिने एकेक पिल्लू मानेला धरून मंदाताईंच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. मांजरं जागा बदलतातच. मी प्रत्येकाला कारण देत होते आणि प्रत्येक कारण बरोबरच होतं. लाडूने खाणं सोडलं आणि काचेच्या एकाच कोपऱ्याला तोंड घासायला लागला. हे साप थंडीत जेवण सोडतात, सगळ्या पुस्तकांत आहे.

आणि मग आत्या.

रविवारची दुपार, चारचा सुमार. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आत्या आतून आल्या. नवं नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बराय मग. निगते मी."

मी म्हटलं, "कुठे? डिंगोऱ्याला मामांकडे का?"

"न्हाई, घरी."

"कोणाच्या घरी?"

आत्या हसल्या. अशा हसल्या की जसं आपण परक्या घरी हसतो. "लई दिस झालं की. तुमी लई केलं माजं. पावण्यानं किती दिस ऱ्हायाचं?"

तुमी! अठरा वर्षांत त्या बाईने मला अगं-तुगं आणि वैशे याशिवाय हाक मारलेली नाही. मला आधी वाटलं, टोमणा मारतायत. त्या दिवशीचं माझं बोलणं लागलंय आणि आता परत करतायत. मी म्हटलं, "आत्या, चुकलं माझं. हे घर तुमचंच आहे." तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "आसं म्हणतात समदी, चांगली मानसं हायेत तुमी."

टोमणा नव्हता तो.

त्या दिवशी कसंबसं थांबवलं. पण त्यानंतर आत्या आमच्या घरात पाहुणीसारख्या राहायला लागल्या. खुर्चीच्या कडेवर बसायच्या. तहान लागली तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "ताई, वाईच पानी मिळंल का?" असं विचारायच्या. ज्या माठाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही, तो माठ! भाजी खारट झाली तरी "ग्वाड झालीया" म्हणायच्या. मी मुद्दाम भाकरी करपवली एकदा. गपचूप खाल्ली. मी मोरीत जाऊन रडले.

तुम्ही म्हणाल विसरभोळेपणा, म्हातारपण. आम्हीही तेच म्हटलं. नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. आत्यांनी सगळं सांगितलं. वर नातीचं होस्टेल, ह्यांच्या जन्माच्या वेळचा पाऊस, माझ्या लग्नात कोण रुसलं होतं, तेही. डोक्याचा स्कॅन स्वच्छ. रक्तात सोडियम जरा कमी निघालं. म्हाताऱ्या माणसांत त्याने गोंधळ होतो, पण एवढ्याशाने नाही, असं डॉक्टरच म्हणाले. गोळ्या दिल्या.

बदल म्हणून ह्यांनी त्यांना डिंगोऱ्याला मामांकडे, म्हणजे त्यांच्या भावाकडे, सोडलं. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन – "आरं, तुजी आई ठणठणीत हाय. सकाळपास्नं माज्या बायकूला तीनदा झाडलंय, म्हनं डाळीला फोडनी अशी देत्यात व्हय!" आम्ही खूश. चार दिवसांनी आणायला गेलो. गाडीत मला वैशे म्हणाल्या, काच खाली घे म्हणाल्या, आणि लाडूच्या नावाने दोन शिव्याही दिल्या. घर आलं. आत्या उतरल्या, चपला काढल्या, जोडीने नीट भिंतीशी लावल्या, पदर सारखा केला आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून मला विचारलं, "यिऊ का आत?"

ह्यांनी कपाळाला हात लावला आणि ओट्यावरच बसले.

गावात बोलणं सुरू झालंच होतं. बाईंनी सापासाठी सासूला घराबाहेर काढली, म्हातारी पिशवी घेऊन बसलेली असते. माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण दुकानात गेले की बोलणं थांबायचं. मग एका दुपारी, मी शाळेत, हे मार्केटला, आत्या निघून गेल्या. शेजारी कोणी बघितलं नाही. दोन तास आम्ही वेड्यासारखे फिरलो. विहिरी बघितल्या, कालवा बघितला, उसात हाका मारल्या. शेवटी मंचरच्या स्टँडवरून फोन आला, ह्यांच्या ओळखीच्या एका माणसाचा. आत्या एस्टीत बसलेल्या होत्या. कंडक्टरने विचारलं, आजी, कुठलं तिकीट देऊ? आत्या म्हणाल्या, "ते तुमीच सांगा की."

मी गेले तेव्हा त्या बाकावर शांत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, "आत्या, कुठे चालला होतात हो?" त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. मग म्हणाल्या, "त्येच तर कळंना गं. पर तिथं ऱ्हावना." 'गं' म्हणाल्या, कारण घराबाहेर होतो.

त्या रात्री मी भावाला फोन केला आणि शनिवारी लाडू पेटीसकट पुण्याला गेला. भावाच्या एका मित्राने घेतला, कागदपत्रं करून. कोळशाची टोपली दिली, भुशीची पोती दिली, सगळं दिलं. खोली रिकामी केली, देव्हाऱ्यासमोर घमघमाट होईपर्यंत धूप घातला. म्हटलं, आता तरी. आत्या दारातूनच बघत होत्या. म्हणाल्या, "धाडलं व्हय लांबडं? आरं आरं... तुमची हौस व्हती की वो ती."

मी हात टेकले. ह्यांनी ठरवलं, आईला कायमची डिंगोऱ्याला ठेवायची. तिथे ती तिच्यासारखी असते. रविवारी दुपारी मामा गाडी घेऊन येणार. हे बोलले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. पन्नाशीचा माणूस. आई जिवंत असताना, धडधाकट असताना तिला घरातून पोचवायची. सुरुवात माझ्यापासून झाली होती.

रविवारी सकाळी मी आत्यांच्या साड्या पिशवीत भरत होते, त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. अवघडून म्हणाल्या, "ताई, जायाच्या आदी एक काम व्हतं. माजा नवस फेडायचा ऱ्हायलाय. तुमच्या घरासाटी बोलले व्हते."

"कसला नवस?"

"बांधावरल्या नागोबाला. दिंडं करीन म्हनले व्हते."

आमच्या बांधावर लिंबाखाली एक दगड आहे, शेंदूर लावलेला. तो नागोबा. नागपंचमीला त्याला पुरणाची दिंडं – वाफवलेली, त्या दिवशी तवा ठेवत नाहीत. एरवी कोणी तिकडे फिरकत नाही.

"काय बोलला होतात आत्या?"

"त्योच, वासाचा. म्हनलं, घरातला वास जाऊ दे, तुला दिंडं करते. गेला की वो मग. त्याच दिशी गेला, बेस्तरवारी."

मी म्हटलं, "साप जाऊ दे असं का नाही मागितलं?"

आत्या लगेच म्हणाल्या, "न्हाई न्हाई. ते वैशीची हौस हाय. वैशीनं एवढं जीव लावून ठिवलंय, ते कशाला जाऊ दे म्हनू? नुसता वास जाऊ दे म्हनलं."

माझ्याच तोंडावर माझ्याबद्दल सांगत होत्या, कोणा दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं. मला पुढचं नीट दिसेना.

पुरण घातलं. मी असल्या गोष्टी करत नाही, पण म्हातारीचा शब्द राहायला नको म्हणून केली दिंडं, वाफवली, ताटलीत घेतली. "तुमीच जा ताई, माजं गुडगं दुकतंय," म्हणाल्या. बाराचं ऊन होतं. बांधावर कोणी नव्हतं. दगडासमोर ताटली ठेवली, पाणी फिरवलं. आता काहीतरी म्हणायला हवं ना. मी हात जोडले आणि म्हणायला गेले, "आत्यांनी मागितलं तसा घरातला वास गेला..."

आणि शब्द तोंडातच अडकला.

कोणाचा वास?

आत्या लांबड्याचं नाव घेणार नाहीत, त्यातून नागोबासमोर तर नाहीच नाही. म्हणजे त्या एवढंच म्हणाल्या असणार – घरातला वास जाऊ दे. आणि आमच्याकडे वास म्हणजे काही नुसता नाकाला येतो तो नाही. घरात लक्ष्मीचा वास असतो. वडात मुंजाचा वास असतो. जो जिथे राहतो, त्याचा तिथे वास. पालींचा ट्यूबलाइटमागे होता, चिमण्यांचा मीटरमागे, मनीचा माळ्यावर. आत्यांचा त्या घरात, घर बांधलं तेव्हापासून. आणि माझा, ह्यांचा? आम्ही दिवसभर बाहेर असतो. कदाचित आमची पाळी यायची होती. गेले काही दिवस शाळा सुटली तरी मी उगाच पेपर तपासत बसत होते, घरी जायला पाय उचलत नव्हता... हे मला त्या क्षणी आठवलं आणि भर उन्हात अंगावर काटा आला.

मला माहितीये हा शब्दांचा खेळ आहे. मी विज्ञानाची बाई आहे, दगडाला व्याकरण नसतं. पण मी तिथे गुडघ्यावर बसले, आजूबाजूला बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "म्हातारी चुकली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. वास परत दे. सगळा दे, ज्याचा होता त्याचा. कसलाही असू दे." मग लाज वाटली आणि उठून चालायला लागले.

घरी आले तर मामांची गाडी दारात लागलेली. हे पिशव्या ठेवत होते. आत्या पुढच्या सीटवर बसायला निघाल्या होत्या, एक पाय उचललेला. मध्येच म्हणाल्या, "माजी डबी ऱ्हायली आत, मिसरीची." मी म्हटलं, मी आणते. "न्हाई, घावायची न्हाई तुमाला," म्हणून त्या वळल्या. ओट्याच्या पायऱ्या चढल्या. उंबऱ्याशी आल्या. मी मागेच होते, बघत होते, विचारतात का म्हणून.

विचारलं नाही. सरळ आत गेल्या, चपलांसकट. मधल्या खोलीपर्यंत गेल्या. आणि आतून आवाज आला, असा की मामा गाडीतून खाली उतरले.

"शी शी शी! वैशे! आगं ए वैशे! काय मेलंय का काय हितं? नाक फुटलंय का तुजं? आणि माज्या साड्या कुनी काडल्या कपाटातनं?"

मी धावत गेले. आणि मलाही आला – तोच, आंबूस, उग्र, डोकं उठवणारा दर्प. खोलीत साप नव्हता, पेटी नव्हती, भुशीचा कण नव्हता. फरशी कोरडी, स्वच्छ. हे मागून आले, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि तसेच आईला मिठी मारून रडायला लागले. आत्या म्हणत होत्या, "आरं सोड, घोड्या, काय झालंय समद्यांना? आन् पावण्याला च्या तरी टाकला का कुनी?" मामा बिचारे दारात उभे, "मग जायाचं न्हाई का?" विचारत.

आत्यांना त्या पाच-सहा आठवड्यांतलं सगळं आठवतं. मंचर, डॉक्टर, सगळं. फक्त पिशवी कशाला भरायचे, ते सांगता येत नाही. "वाटायचं तसं," एवढंच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी सोडियम वर आलं असेल, असं होतं कधी कधी. मुलीने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, तू आज्जीला नाही ते बोललीस, ते तिने मनाला लावून घेतलं, आणि तू साप काढून टाकल्यावर तिचा राग गेला. पटण्यासारखं आहे. पण साप शनिवारी गेला होता, आत्या रविवारी परतल्या, आणि त्यामधल्या रात्रीही मला त्यांनी ताईच म्हटलं होतं. सोडियमने वास येत नाही आणि रागाने पाली जात नाहीत. मंदाताईंना, मामांना, पोस्टमनला, सगळ्यांना तो वास येतो, मी प्रत्येकाला विचारलंय. प्लायवूडमधून फरशीत मुरलं असेल म्हणावं, तर मधले पाच आठवडे ते कुठे होतं? मला खरंच माहीत नाही.

मुंग्या आल्या. पाली आल्या, दोनच. मनी मात्र अजून गोठ्यातच आहे. आत्या रोज सकाळी देवासमोर बसतात, उदबत्ती लावतात आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात – लांबडं गेलं तरी घाण ठिवून गेलं, मास्तरीन म्हनवतीस आन् येक खोली धुता यीना तुला.

धुता येईल. एका दुपारचं काम आहे – व्हिनेगरने फरशी घासायची, वास जातो का बघायचं आणि मग आत्यांकडे बघायचं. प्रयोग म्हणून आठवीच्या पोरांनाही सुचेल इतका सोपा. बाटली मोरीत भरून ठेवलेली आहे. माझा हात धजत नाही.